बोनेटपुरतं

देवास नाक्याच्या पुढे, टायरांच्या दुकानामागे
अझहरने आम्हाला एक सुटं दार दाखवलं,
कुठल्यातरी ठोकलेल्या गाडीचं, काळं, भिंतीला टेकवलेलं.
अर्ध्यावर फिल्म, अर्धं उघडं.
पितळी ब्रश घेऊन त्याने दोन्हीकडे खरवडलं.
ह्यांनी डोळे मिटले,
दार आमचं नव्हतं तरी.

मग कोपऱ्यातली विजेची किटली.
"मॅडम, अब देखिए."
उकळतं पाणी त्याने दारावरून सोडलं
आणि फिल्मवरचे ओरखडे, खरंच,
एकेक करून मिटले.
वाफ विरली तेव्हा तिथे काही घडलेलंच नव्हतं.

ह्यांनी टाळी वाजवायचीच बाकी ठेवली.
मी दोन पावलं मागे सरकले होते.
एकोणीस वर्षं
एम.वाय.च्या बर्न वॉर्डात ड्रेसिंग करते मी.
उकळत्या पाण्याने बरं झालेलं
आजवर काही पाहिलं नव्हतं.

अडुसष्ट हजार, पूर्ण गाडीला. पाच वर्षांची वॉरंटी.
आदल्या रात्री ह्यांनी वहीत मांडलं होतं:
गाडी साडेदहा लाखांची.
लोकमान्य नगरातली आमची गल्ली,
किबेंच्या नातवाची सायकल, तिला ब्रेक नाही.
खंडवा रोडचे गिट्टीवाले डंपर.
रंगपंचमीला गेर आटोपल्यावर
उरलासुरला रंग कोण कुठे रिकामा करील, नेम नाही.
समोरच्या पानावर गाडीचा हप्ता,
रेणुकाच्या कोचिंगचे दुसरे पैसे,
आणि नुसतंच एक अक्षर, 'दा', म्हणजे माझी दाढ.
बेरीज केली नाही. मधे रेघ मारून झोपले.

अझहर सांगत होता,
थर किती मायक्रॉनचा, पिवळा कसा पडत नाही,
पाखरांची घाण, बोअरच्या पाण्याचे डाग.
"सेल्फ हीलिंग" म्हणताना त्याचा आवाज जरा चढायचा.
मी त्याचा हात बघत होते.
कोपरापासून मनगटापर्यंत, आतल्या बाजूने
फिकट, चकचकीत, किंचित ओढलेली कातडी.
जुनं. वीस वर्षांचं तरी.
कड सपाट. बोटं पूर्ण वळतात.
म्हणजे कुणीतरी रोज हा हात सरळ धरून बसलं होतं,
पोर कितीही किंचाळलं तरी
सोडला नव्हता.

"चाय?" मी विचारलं.
"दूध," तो म्हणाला. "शादी में, हलवाई की कढ़ाई. चार साल का था."
बाही खाली ओढली नाही त्याने.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, नेहमीसारखं,
म्हणजे ठरलेलं नाही आणि ते मी सांगायचं.
बाहेर आमची गाडी, चौदा किलोमीटर चाललेली,
विटकरी, सीटांवर अजून प्लास्टिक,
बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक वाळलेलं.

"पुढचंच करा," मी म्हटलं. "बोनेट, बंपर, आरसे.
समोरून दगड येतो तेवढ्याला."
"और दरवाज़े?"
दारांना माणसं लागतात.
लागू देत.

बावीस हजार. हे छपराबद्दल काहीतरी पुटपुटले,
इंदूरच्या उन्हाबद्दल, मग गप्प झाले,
वही काढून 'दा'भोवती एक गोल केला.
स्वस्तिक पुसावं लागणार होतं.
अझहरने फडका ओला केला, पिळला
आणि माझ्या हातात दिला.

किटलीत पाणी उरलं होतं, त्याचाच चहा झाला.
कागदी कप, वर दोन बोटं रिकामा,
त्याने खालून आणि कडेने धरून पुढे केला,
आणि मी नीट धरलाय हे बघेपर्यंत
सोडला नाही.