दूधवाला

जूनचे दोन आठवडे
बाबांची खुर्ची कुंपणाच्या दगडाला टेकलेली
आणि कान रस्त्याला.
डोळे साखरेनं आधीच नेले होते.
रॅम्झीच्या गॅरेजात चाळीस वर्षं
इंजिनांच्या छातीला कान लावून काढलेला माणूस,
गाडी दोन वळणं अलीकडे असतानाच सांगायचे,
"हिचा व्हॉल्व्ह सैल आहे. डोंगर चढायची नाही."
नाहीच चढायची.
शेजारचा ऑरी क्विलियम त्या पैजांपायी
किती बिअर हरला, त्याची मोजदाद नाही.

मी मार्शल. केशरी जॅकेट, शिट्टी, पिवळा झेंडा.
त्या साली यादीत एक नवी शर्यत आली,
विजेच्या गाड्यांची.
एकच फेरी, सदतीस मैलांची;
बॅटरीत त्याहून जास्त जीव मावत नव्हता.

आमच्याकडे उतरलेली नाहिया उर्कियागा, बिल्बाओची,
बोटांवर सोल्डरचे चटके.
रात्री स्वयंपाकघरातून वायर ओढून
तिनं गाडीला जेवू घातलं
आणि अख्ख्या घराचा फ्यूज उडवला.
अंधारात आम्ही दोघी धडपडलो.
बाबा उठले, सरळ चालत गेले, फ्यूज बसवून आले.

सकाळी रस्ता बंद. शिट्टी झाली.
आणि काहीच आलं नाही.
म्हणजे आलं, पण आधी चंडोल ऐकू आला,
मग पलीकडच्या कुरणातली मेंढी खोकली,
मग एक बारीक गुणगुण.
"दूधवाला!" बाबा ओरडले.
लहानपणी डग्लसच्या गल्लीत पहाटे
बाटल्या किणकिणवत यायची ती विजेची गाडी,
तीच, म्हणे, फक्त उशीर झालेली.
भिंतीवरचे सगळे खदखदले.
पाचवी गाडी तर आमच्या दारातच संपली.
स्वारानं हेल्मेट काढलं नाही,
मान खाली घालून ढकलत राहिला.

पुढच्या साली दूधवाल्याला घाई झाली.
जपानहून पेट्या आल्या, कॉलेजची पोरं आली,
ताशी मैलांचा आकडा शंभर ओलांडून गेला,
गुणगुणीची शीळ झाली,
आणि हसणारे घरी बसले.
बाबा मात्र दिवसभर गप्प.
जेवताना म्हणाले,
"इंजिन ओरडायचं, तेव्हा माणूस ऐकूच यायचा नाही.
आज तिसरा वळणाआधी श्वास धरत होता.
सहावा आकडे मोजतो. स्वतःशीच."
मग, बटाटा चिरडत,
"आणि तुझी साखळी कोरडी आहे, नाहिया."

ती पुढे जागतिक मालिकेत गेली.
मार्चमधल्या एका रात्री हेरेसला चार्जिंगचा तंबू पेटला,
सगळ्यांच्या गाड्या एकाच राखेत.
तिनं फोटो पाठवला.
"कसं दिसतंय?" बाबांनी विचारलं.
काय सांगणार? म्हटलं,
"पीलचा हेरिंग खाल्ल्यावर ताटात उरतं, तसं."
त्यांनी टेबलावर बोटानं काटा काढला,
शेपटीपर्यंत, सावकाश.
"भुकेलं होतं," एवढंच म्हणाले.

उन्हाळ्यात नव्या गाड्या आल्या.
नाहियानं पिटच्या भिंतीवर फोन चालू ठेवला,
बाबांनी दोन फेऱ्या कानाला धरला.
"माझी कुठली?"
"सातवी. मागचं टायर बघ."
तिकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

आमची शर्यत त्याच सालानंतर थांबली.
दोन वर्षांसाठी, असं म्हणाले होते.
हल्ली टपालाची गाडी विजेची आहे,
सकाळी मांजरासारखी दाराशी येते.
बाबा अंथरुणातूनच,
"ब्रेक चिकटतोय. डावा. सांग त्याला."
टपालवाला नवा आहे, लाजरा आहे.
मी अजून सांगितलेलं नाही.