एकसष्ट फेऱ्या

कॉलेजचं फाटक आमच्या दुकानासमोर.
रस्ता ओलांडायला बावीस पावलं,
बर्फ असला तर तीस.
तरी फीच्या पावतीवर सातवी ओळ:
बसचा पास, सक्तीचा.

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.
मनगटाला कॉडचे खवले तसेच चिकटलेले,
त्याच हातानं पावतीच्या पाठीवर भागाकार मांडला,
पेन्सिल कानामागे खोचली.
"ओडील, एकसष्ट फेऱ्या.
त्याच्या खाली तोटा."

सुरेटांच्या घरात
पैसे मोजून घेतलेलं काही
आजवर कुणी पानात टाकलेलं नाही.

म्हणून मी निघाले.
कुठे असं नाही, नुसती निघाले.
सात नंबरनं शेवटच्या थांब्यापर्यंत.
तिथं एक बंद गॅरेज, एक कुत्रा,
आणि कुत्र्याला माझ्यात काडीचा रस नाही.
त्याच बसनं परत.
दोन.

ड्रायव्हर मर्ना, डॅशबोर्डवर लोकरीचा खेकडा,
तिसऱ्या दिवशी आरशातून म्हणाली, "हरवलीस का गं?"
"नाही. वसूल करतेय."
ती इतकी हसली की हिरवा दिवा चुकला
आणि मागच्या ट्रकनं हॉर्नवर राग काढला.

चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
नाताळपर्यंत एकतीस.

मग जानेवारीत केझाया दिसली, माझ्याच वर्गातली,
पहिल्या तासाला कायम उशिरा येणारी,
जिला मी कधीच आळशी ठरवून मोकळी झाले होते.
कॉलेज सुटल्यावर बोट, मग दोन बस, प्रेस्टनपर्यंत.
सकाळी हेच उलट्या क्रमानं,
पावणेसहाला घराबाहेर.
काचेला डोकं टेकून ती हाडांची नावं पाठ करत होती,
दर थांब्याला एक.
खांद्यापासून बोटांपर्यंत पोचायला तिला घर लागायचं.

"तू इकडे कुठे?"
काय सांगणार.
"मावशीकडे."
त्या वाटेवर मला मावशी नाही.
पुढचा महिनाभर केझाया मावशीची तब्येत विचारत राहिली,
मी मावशीला आधी गुडघेदुखी दिली, मग पडसं,
शेवटी खडखडीत बरी करून
न्यू ब्रन्सविकला पाठवून दिली.

तिच्याही रेघा मी ओढून पाहिल्या, चोरून.
वहीची सहा पानं भरली
आणि अजून मार्च लागायचा होता.

बाबांना पानं दाखवली.
ते बराच वेळ एकाच माशाचं पोट साफ करत राहिले.
"म्हणजे तिचं थोडं आपण भरतो."
"हो."
सुरी धुतली, पुसली.
"तिला हॅडक चालतो का विचार."

एप्रिलची तीस तारीख. वहीत अठ्ठावन्न.
मध्यरात्री पास मरणार.
चालत बंदरावर गेले.
पलीकडे. एकोणसाठ.
अलीकडे. साठ.
डेकवर मी आणि सायकलवाला एक म्हातारा,
पाण्यात क्रेनचे तांबडे दिवे लांबत, तुटत.
पलीकडे.
एकसष्ट.

वही मिटली, धक्क्यावर उतरले,
आणि तेव्हा कळलं
की एकसष्ट हा विषम आकडा आहे
आणि घर त्या काठाला.
दोर गुंडाळणारा माणूस मान न वळवता म्हणाला,
"आता सकाळी."

बाबा पुलावरून आले. मासळीची व्हॅन, एक दिवा गेलेला.
"झाल्या?"
"झाल्या."
पुलाच्या मध्यावर त्यांनी गाडी हळू केली.
खाली ती बोट, बांधलेली, आत सगळे दिवे चालू,
एकही माणूस नाही.
बराच वेळ बघत राहिले.
मग गिअर टाकला.
"पेट्रोल कुठल्या रकान्यात लिहू?"