चिन्ह: कात्री

चिन्ह मिळालं कात्री.
यादम्मा हसली, "ही तर तीस वर्षं हातातच आहे."

बॅनरला पैसे नव्हते.
सासूच्या छातीचा जुना एक्स-रे कोरून
आम्ही छापा केला,
बुटाच्या पॉलिशनं उठवला
टॉवेलच्या रद्दी तुकड्यांवर.
फासळ्यांमधून कात्री आली, जराशी वाकडी.

भोंग्याची रिक्षा दुसऱ्यांची.
विडी घरकुलात दुपारी पानं कापताना
बायका एकदम कचकच वाजवायच्या,
रिक्षावाला आवाज कमी करून बघायचा.

लूमच्या शेडमध्ये कुणाचंच ऐकू येत नाही.
तिथं ती नुसती उभी राहिली,
दोन बोटं उघडली, मिटली.
मल्लेशमनं मान वर केली नाही.
तुटलेला धागा जोडला,
मग तीच दोन बोटं
हवेत, एकदा.

उद्या मतदान.
तिनं पानं भिजत घातलीत,
हजार विड्यांची,
रोजच्यासारखी.