वरची रेघ

पहिली नेमणूक. दांडिया बाजारच्या मागची शाळा,
दुसरी ब, सव्वीस मुलं,
एक पाय आखूड असलेली खुर्ची
आणि मी, बावीस वर्षांची,
हेडबाईंपेक्षा वर्गालाच जास्त घाबरणारी.

हंबीर शिर्केनं पाटीवर लिहिलं : कमळ.
डोक्यावर रेघ नाही.
त्याच्या गल्लीत सगळ्या पाट्या गुजराती,
तिथं अक्षरं उघड्या डोक्यानंच हिंडतात.

‘रेघ कुठाय रे?’
‘बाई, वरती दोरी कशाला?
कपडे सुकवायचेत?’

पीटीसीच्या दोन वर्षांत
हे कुणी विचारलं नव्हतं.
टाचणवहीतही नव्हतं.
मी म्हटलं, हो.

मग या टोकापासून त्या टोकापर्यंत
फळ्यावर दोरी ताणली
आणि वाळत घातला क, घातला म.
ळ फार गळत होता,
मागच्या बाकावरच्या दोघींनी तो हवेतच पिळून दिला.

हेडबाई दारात कधीच्या उभ्या.
चष्मा पुसत म्हणाल्या,
‘आणि वेलांटी? ती दोरीच्या वर कशी?’
माझ्या तोंडाला कोरड.
हंबीर बसल्या जागेवरून :
‘तो चिमटा, बाई!’

संध्याकाळी सूरसागरच्या काठानं
सायकल हातात धरूनच चालत निघाले.
चेन निघालीय, हे मांडवीला आल्यावर कळलं.
दिवे लागत होते,
दुकानांवरची गुजराती नावं मी
एकेक करून वाचत होते,
अंधार पडायच्या आत
कुणी दोऱ्या गुंडाळून घरात नेल्यात
तशी.