डावा कोपरा

अकरा वर्षं मी दौलत गांगुर्डेचा उजवा हात धरला.
बायकोचाही इतका धरला नसेल.
करंगळी दोनदा मोडलेली,
तिसऱ्यांदा त्याने ती सरळ करून घेतलीच नाही.
तळव्यावर प्रेस-शॉपमधल्या पत्र्याचा जुना चरा.
साखळीत आम्ही बोलायचो नाही.
एकदा दाबला की थांब.
दोनदा दाबला की तो खाली, मी वर.

खाली म्हणजे घोट्यावर.
लोक चढाईपटूचं नाव घेत यायचे, घेत परत जायचे.
दौलत म्हणजे ढिगाच्या तळाशी
कुणाच्या तरी पायाला चिकटलेले दोन हात.
टीव्हीवर सामना लागला तेव्हा आई विचारत राहिली,
ह्यात आपला कुठला?
धाकटीने पडद्यावर बोट ठेवलं :
ती टाच दिसते ना, तो.

सातपूरला, अशोकनगरच्या मातीत शिकला.
निमसे सर सांगायचे,
चढाईवाला डोळ्यांनी खोटं बोलतो, खांद्याने बोलतो,
कंबर जरा कमी बोलते.
घोटा बिचारा खरा.
मग दौलत रस्त्यानेही घोटेच बघत चालायचा.
चांदोरीला मुलगी बघायला गेला तरी तसाच.
तिकडची मंडळी म्हणाली, पोरगा सालस आहे,
मान म्हणून वर केली नाही.

लिलावाच्या दिवशी
वडील पिंपळगावच्या बाजारात काट्यावर होते.
दादा, भाव फुटला. आठ लाख.
मागे टोमॅटोचा पुकारा चालू.
म्हातारा ओरडला, क्विंटलला का नगाला?
मग कुठेतरी आडोशाला गेला असावा, आवाज खाली आला :
आणि वांधा निघाला तर
माल परत पाठवतात का रे?

चार हंगाम.
मातीने सोललं होतं, मॅटने भाजलं.
दर हंगामाला नव्या भाषेतला कोच,
नव्या माणसाचा हात साखळीत.
फोनवर म्हणायचा, इथला पोरगा चांगलाय,
पण सारखाच दाबत राहतो, काही कळत नाही.

पाचव्याच्या आधी सिन्नरला कंपन्यांची स्पर्धा होती.
करारात मनाई होती.
मी त्याला फोन केला.
एवढंच म्हणालो, कोपरा रिकामा आहे.
तो रात्रीच्या बसने आला, बॅगेत बूटही कोरडे नव्हते.

उपांत्य फेरी, सात मिनिटं बाकी.
त्याने दोनदा दाबला.
मला ते कळलं होतं.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही, की कळलं होतं,
आणि तरी मी पाऊल टाकताना
बोनसच्या रेषेकडे एकदा बघितलं.
तेवढ्यात त्याच्यावर चार माणसं.
गुडघ्यातून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला.
हॉल ओरडत होता,
तो आवाज ज्याच्या हातात त्याचा हात होता त्यालाच आला असेल.

पत्र तीन ओळींचं होतं.
वडिलांनी घडी घालून वजनकाट्याच्या पावत्यांत ठेवलं.

आता अंबडला स्टोअरमध्ये असतो.
मोजून स्क्रू देतो, सही घेतो.
दोन माझ्याकडेच राहिलेत, असं गुडघ्याकडे बघत म्हणतो,
नवीन पोरांना विनोद कळत नाही.
सिन्नरबद्दल तो कधी बोलला नाही.
मीही नाही. नऊ वर्षं झाली.

परवा आयटीआय सिग्नलला भेटला, शिफ्ट सुटायची वेळ.
चहा प्यायला पलीकडे जायचं होतं.
ट्रक, रिक्षा, कंपन्यांच्या बस, कुणी कुणाला जुमानत नव्हतं.
त्याने न बघताच माझा हात धरला.
करंगळी तशीच, बाहेर काढलेली.

एकदा दाबला.
मी थांबलो.
दिवा हिरवा झाला, लोक आम्हाला वळसा घालून गेले,
एक बाई पिशवी सावरत काहीतरी पुटपुटली.
दौलत खाली बघत होता, जाणाऱ्यांच्या पायांकडे.
दिवा पुन्हा लाल झाला.
मी अजून
दुसऱ्याची वाट बघत होतो.