वरचा पाइप, खालचा पाइप

आसूदच्या चढावर काटा लाल रेषेला टेकला
आणि बॉनेटखालून आवाज आला,
पेज उतू जाताना येतो तसा.
मागे सोळा खोकी बांगडा, वर बर्फ,
दापोलीत घड्याळ बघणारा हॉटेलवाला.

चाकामागे जांभ्याचा चिरा लावला.
रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार
तोच पत्र्याच्या शेडमधून हाक:
"तोंड भाजून घ्यायचंय?"

युनूस हमदुले. कानावर बिडी.
आधी विचारलं, उभी असताना तापते, का चढावरच?
हीटर लावलास तर वारा गार येतो का गरम?
डॉक्टरला सांगतात तसं मी सांगितलं,
थोडं राखून.

फडकं गुंडाळून त्याने वरचा पाइप दाबला,
हात झटकला.
मग माझा पंजा धरून खालच्या पाइपवर ठेवला.
माठाच्या पोटासारखा गार.
"पानी फिरतच नाय. मधलं दार मिटलंय."

आता निवू दे, म्हणाला, आणि खरंच काही केलं नाही.
अर्धा तास.
फळीतून बर्फाचं पाणी ठिबकत राहिलं
तांबड्या मातीवर,
आणि एक मांजर नेमकं तिथेच येऊन बसलं.

थर्मोस्टॅट निघाला: पितळी डबी,
अंगावर पांढरं खरखरीत कवच.
शेजारी शेवंताच्या टपरीत चहाचं आधण.
"ह्यात नाय हां टाकायचं!" ती ओरडली,
आणि स्वतःच एक चेपका टोप काढून दिला.
आम्ही तिघं वाकून बघत होतो.
बुडबुडे आले. पाणी खदखदलं.
डबी मिटलेली ती मिटलेलीच.
"उकळून उघडत नाय ती तिसरी," शेवंता म्हणाली,
"आम्ही फेकून देतो."

युनूसने कवच नखाने खरवडलं.
"पानी कुठलं भरतोस?"
बंदरावरच्या विहिरीचं, हे मी बोललो नाही.
म्हटलं, नळाचं.
"हर्णैत? मे महिन्यात? नळाचं?"
त्याने कानावरची बिडी काढून शिलगावली.

नवा भाग खेडहून येणार, संध्याकाळच्या एसटीने.
तोवर रिकामंच घर परत बसवलं.
गॅस्केट कापलं कुणाच्या लग्नपत्रिकेतून,
कात्री 'सहकुटुंब'पाशी वळली.
तीनदा पाणी भरलं, तीनदा सोडलं:
आधी चहाच्या रंगाचं, मग आगळाच्या,
तिसऱ्यांदा नुसतं पाणी.
"दारच काढलंय. सकाळी जरा कुरकुरेल.
चार दिवसांत परत ये. आणि ती विहीर सोड."

पैसे अर्धेच घेतले. सहा बांगडे घेतले,
त्यातला एक मांजराला.

काटा मध्यावर थांबला होता.
तरी दर वळणाला मी रस्ता सोडून
त्याच्याकडेच बघत होतो.

दापोलीत दोन खोकी नरम निघाली.
उशीर का, हॉटेलवाल्याने विचारलं.
म्हटलं, खारं पाणी भरत होतो गाडीत. मीच.
तो ऐकत नव्हता.
एकेका बांगड्याचा कल्ला उचलून
आतला रंग बघत होता.