ह आणि क्षच्या मधे

मिरकरवाड्यातून चालत केंद्रावर जाते.
पिशवीत कोरी वही, आणि बोटमालकाचं नाव छापलेलं
नवऱ्याचं निळं पेन.

लिपी तीच, म्हणून सोपं वाटलं होतं.
अछामात चौथीची पोरं शिकवलीत मी,
वाऱ्यावर ओरडून, क ते ज्ञ.
इथे ह आणि क्षच्या मधे
एक अक्षर बसलंय,
आमच्या डोंगरात न उगवणारं.

मी फला म्हणते. शाला म्हणते.
कोळवणकरबाईंचं नावसुद्धा
तोंडात अर्धंच राहतं.
मागच्या बाकावर कुणी हसतं, मग थांबतं.
"जीभ मागे वळव," बाई म्हणतात.
बाई, वळवच तर येत नाही.

गुरुवारी बालवाडीत सराव पाठ.
चार वर्षांचा रुहान
सुकटीच्या वासाचं बोट माझ्या ओठाला लावून म्हणाला,
"टीचर, काटा अडकल्यासारखं कर."
केलं.
आला.
एकदाच.

शनिवारी पहाटे नवरा बोटीवरून उतरला.
अकरा वर्षं तो जाळ्याला जालाच म्हणतो.
"मासे येतात ना?" म्हणाला, नि झोपला.

मी वहीचं पान भरत बसले:
दोन वेटोळी, पुन्हा दोन वेटोळी,
जेटीवर कुणी घाईत टाकून गेलेल्या
ओल्या दोरासारखी.